बायपासनंतर अँटीऑक्सिडंट चालू करू का? (ए विंगचा ग्रुप)

ए-४०३: नमस्कार. बाबांना परवा डिस्चार्ज मिळाला, बायपासला ९ दिवस झाले. टाके कोरडे आहेत पण थकवा फार, जेवण जात नाही, रात्री झोप नाही. तिसऱ्या दिवशी आयसीयूत ठोके अनियमित झाले होते त्यामुळे आम्ही सगळेच घाबरलोय. ओळखीच्या एकांनी अँटीऑक्सिडंटचा किट आणून दिलाय, व्हिटॅमिन ई, सी, सेलेनियम आणि माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, महिन्याचे साडेचार हजार. म्हणतात रिकव्हरी लवकर होते आणि ठोके परत बिघडत नाहीत. कोणी घेतलंय का?

ए-२०१: आमच्या सासऱ्यांना दिलं होतं, काही त्रास नाही झाला. नॅचरलच असतं ना सगळं.

ए-१०४ (सिस्टर काकू): थांब गं, आज लगेच चालू करू नकोस. मी हार्टच्या आयसीयूत २६ वर्षं काढलीयेत. ठोके बिघडणं बायपासनंतर खूप कॉमन, दर तीन-चार पेशंटमागे एकाला होतं, बहुतेक दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. म्हणून तर मेटोप्रोलॉल देतात, ती गोळी चुकवू नकोस. बाकी कुठल्या गोळ्या आहेत?

ए-४०३: एकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल, स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची), मेटोप्रोलॉल, पोटाची एक.

ए-१०४: बघ, रक्त पातळ करणाऱ्या दोन (एकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल) आधीच चालू आहेत. त्यावर व्हिटॅमिन ई आणि माशाचं तेल जास्त डोसमध्ये म्हणजे रक्तस्रावाची भीती वाढू शकते. सर्जनना विचारल्याशिवाय नकोच.

ए-६०२: काकूंचं अगदी खरं आहे. माझा हृदयाचा व्हॉल्व्ह मेटलचा, रक्त पातळ करणारी ॲसिट्रॉम चालू, आयएनआर (रक्त किती पातळ आहे त्याची टेस्ट, आकडा जास्त म्हणजे जास्त पातळ) अडीच ते साडेतीनच्या मध्ये ठेवायचा. मेडिकलवाल्याने सुचवलं म्हणून ई च्या कॅप्सूल दीड महिना घेतल्या, डॉक्टरांना सांगायचं सुचलंच नाही, मग ब्रश करताना रक्त यायला लागलं, तपासलं तर आयएनआर ५.८. त्या रात्री बायकोला झोप नाही. प्लीज असं कोणी करू नका.

ए-५०२: मी क्लिनिकल ट्रायल्समध्ये काम करतो, थोडं लांबेल पण लिहितो. कल्पना अगदीच चुकीची नाहीये. हार्ट लंग मशीनवर हृदय थांबवतात आणि नंतर रक्त परत सोडलं की फ्री रॅडिकल्स, म्हणजे पेशींना इजा करणारे कण, तयार होतात आणि अँटीऑक्सिडंट त्यांनाच निकामी करतात, म्हणून डॉक्टरांनीच हे सगळं करून पाहिलंय. तेहरानला १०० बायपास पेशंटवर अभ्यास झाला, २००७ मध्ये आला, ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून पाच दिवस व्हिटॅमिन सी दिलं तर ठोके बिघडणारे ४ टक्के, न दिलेल्यांत २६. पण अमेरिकेतल्या ट्रायल्समध्ये हा फायदा दिसला नाही. आणि ते डोस ऑपरेशनच्या आजूबाजूचे, घरी आल्यावर महिनाभर घ्यायचे नव्हेत. माशाचं तेल २०१२ मध्ये दीड हजार पेशंटवर पाहिलं, दिलेल्यांत आणि न दिलेल्यांत दोन्हीकडे ठोके बिघडणारे साधारण ३० टक्केच. सेलेनियम तर शिरेतून दिलं होतं जर्मनी आणि कॅनडात, १४०० च्या आसपास पेशंट, २०२३ मध्ये रिझल्ट आला, काही फरक नाही.

मला सगळ्यात पटलेला अभ्यास इंग्लंडचा, २००२ चा. वीस हजारांवर माणसं, पाच वर्षं. अर्ध्यांना ई, सी आणि बीटा कॅरोटीन दिलं, हार्ट ॲटॅक कमी नाही, मृत्यू कमी नाही. त्याच अभ्यासात त्याच माणसांमध्ये स्टॅटिन पण तपासलं होतं, त्याने हार्ट ॲटॅक आणि स्ट्रोक साधारण पाव हिश्शाने कमी झाले. म्हणजे उपयोगाची गोळी काकांच्या डब्यात आधीच आहे आणि ती साडेचार हजारांची नाही.

ए-४०३: बाबांचं ऑपरेशन मशीनशिवाय, बीटिंग हार्ट झालंय म्हणाले होते. मग तर ते फ्री रॅडिकल्सचं अजूनच कमी लागू ना?

ए-५०२: हो, बरंचसं. आणि किटच्या बॉक्सवर बारीक अक्षरात बघ, औषधी वापरासाठी नाही असं लिहिलेलं असेल. असले सप्लिमेंट औषध म्हणून नाही, खाद्यपदार्थ म्हणून विकले जातात.

ए-२०१: हे मला माहीतच नव्हतं. आमचे सासरे डायबेटिक, व्हिटॅमिन सी पण घेतात.

ए-१०४: मग लक्ष ठेव. सी खूप जास्त डोसमध्ये घेतलं तर काही ग्लुकोमीटर साखर खोटी जास्त दाखवतात. आवळा, पेरू, मोसंबी खाऊ द्यात, फळांना कोणाचीच ना नाही. ए-४०३, आता बाबांचं. भूक तीन-चार आठवडे अशीच राहते, घाबरू नकोस. थोडं थोडं पाच-सहा वेळा दे, मुगाचं धिरडं, ताक, अंड्याचं पांढरं, मऊ भात-वरण. छातीचं हाड भरायला प्रोटीन लागतं. ती तीन बॉलची स्पायरोमीटर (श्वासाच्या व्यायामाची) तासातासाला, खोकला आला की उशी छातीशी धरून. तीन महिने गॅसचा सिलेंडर, पाण्याची बादली काही उचलू देऊ नकोस. आणि वजन रोज सकाळी लिही, दोन दिवसांत दोन किलो वाढलं, दम लागला किंवा टाक्यातून पाणी आलं तर ओपीडीची वाट बघू नका, थेट जा.

ए-४०३: काकू, हे सगळं डिस्चार्जच्या वेळी पाच मिनिटांत सांगितलं होतं, डोक्यात काहीच राहिलं नव्हतं. किट तसाच बंद ठेवते, उद्या ओपीडीत बॉक्सच घेऊन जाते.

ए-१०४: हो, बॉक्सच ने, नाव सांगून उपयोग नाही. संध्याकाळी वर येते, बाबांना पॅसेजमध्ये चालवू.

सेक्रेटरी: उद्या ११ ते १ लिफ्टचं मेंटेनन्स लावलंय. काकांची ओपीडी कितीची?

ए-४०३: साडेअकराची 🙏

सेक्रेटरी: मग लिफ्टवाल्याला ४ नंतर बोलावतो. काळजी करू नका.