एका ओढ्यावरच्या पाच ग्रामपंचायतींचा एकच पाणी आराखडा करायचा आहे, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी माण तालुक्यातल्या एका गावचा ग्रामपंचायत सदस्य. आमचा ओढा पुढे माणगंगेला मिळतो. त्याच्या काठावर पाच ग्रामपंचायती येतात. वरच्या चार सातारा जिल्ह्यात, सगळ्यात खालची आटपाडी तालुक्यात, म्हणजे सांगली जिल्ह्यात. त्यामुळे एका ओढ्याला दोन पंचायत समित्या, दोन जिल्हा परिषदा आणि पाच आराखडे.

प्रत्येक गाव दरवर्षी आपापला विकास आराखडा करतं आणि त्यात फक्त आपल्या हद्दीतली कामं धरतं. आम्ही सिमेंटचा नालाबांध घेतला. दोन पावसाळ्यांत तो गाळाने निम्मा भरला, कारण डोंगरावर समतल चर (पाणी आणि माती अडवायला उताराला आडवे खणलेले चर) झालेच नव्हते. 'माथा ते पायथा', म्हणजे आधी डोंगरावरची कामं आणि मग खालची, हे सगळ्यांना तोंडपाठ आहे, पण आमचा माथा शेजारच्या गावाच्या हद्दीत आहे आणि त्यांच्या आराखड्यात त्या वर्षी रस्ता आणि शाळेची भिंत होती. त्यांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही.

बोअरचं दुखणं याहून मोठं. शेतीसाठी 60 मीटरपेक्षा खोल बोअर घ्यायला 2009 च्या भूजल कायद्याने मनाई आहे. आमच्याकडे डाळिंब जगवायला माणसं त्याच्या दुप्पट-तिप्पट खाली जातात, आणि बाग डोळ्यांसमोर वाळत असताना त्यांना अडवणार कोण? मे महिन्यात खालच्या गावातल्या एक आजी मला म्हणाल्या, "तुमची डाळिंबं आमच्या हंड्यातलं पाणी पित्यात, लेकरा." तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही.

गेल्या महिन्यात पाचही सरपंचांना मारुतीच्या देवळात बोलावलं. चौघे आले. एकत्र आराखडा करायला तोंडी सगळे तयार आहेत, पण गाडी पैशावर अडली. आमच्या ग्रामसेवक भाऊसाहेबांचं म्हणणं, एका पंचायतीचा निधी दुसरीच्या हद्दीत खर्च केला तर लेखापरीक्षणात आक्षेप निघणार. मग माथ्यावरच्या चरांसाठी आम्ही वाटा द्यायचा कसा? असं कुणी कायदेशीर चौकटीत केलं आहे का? आणि खालचं गाव दुसऱ्या जिल्ह्यातलं असताना पत्रव्यवहार नेमका कुणाशी करायचा?

प्रतिसाद:
दादा, पैशाचा विषय सध्या बाजूला ठेवा. तो आधी काढला की बैठक मोडते, हे मी आमच्या भागात पाहिलं आहे. आधी विहिरी मोजा. प्रत्येक गावातल्या पाच-सहा विहिरी, पाचही गावांत एकाच दिवशी, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यात. भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी याच चार महिन्यांत मोजते, म्हणजे तुमचे आकडे त्यांच्याशी ताडून बघता येतील. पावसाचा हिशोब सोपा आहे. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 10,000 लिटर. तो फळ्यावर मांडला की भांडण माणसांवरून पिकांवर येतं.

1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमात दोन किंवा अधिक पंचायतींना मिळून संयुक्त समिती नेमता येते. त्यासाठी पाचही ठिकाणी शब्दशः एकच ठराव हवा. काम ज्याच्या हद्दीत, त्याच्याच आराखड्यात घालायचं, आणि कोणतं काम आधी हे समितीने ठरवायचं. चर रोजगार हमीतून होतात, तिथे तुमच्या पंचायतीचा पैसा लागणारच नाही. जिल्ह्याच्या प्रश्नासाठी दोन्हीकडच्या भूजल कार्यालयांत जा. राज्याचे पाणलोट, म्हणजे एकाच प्रवाहाकडे पाणी वाहून जाणारे भाग, त्यांनी नदीखोऱ्यांप्रमाणे पाडले आहेत. तुमच्या पाणलोटाचा क्रमांक पत्रावर आला की बोलणं सोपं जातं.

एक विनंती. हिवरे बाजार जरूर बघून या, पण तिथलं जसंच्या तसं उचलू नका. तिथे पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवणारी ग्रामसभा एकच आहे. तुम्हाला पाच सांभाळायच्या आहेत.

धागाकर्ता:
ताई, मनापासून आभार. रोजगार हमीचं आमच्या लक्षातच आलं नव्हतं. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभांमध्ये ठराव घ्यायचा प्रयत्न करतो. जे सरपंच बैठकीला आले नव्हते ते सगळ्यात वरच्या गावचे, म्हणजे माथा त्यांच्याकडेच. रविवारी त्यांच्या घरी जाऊन बसणार आहे. संयुक्त समितीच्या ठरावाचा नमुना कुणाकडे असेल तर कृपया इथे टाका, अगदी हाताने लिहिलेला असला तरी चालेल.