दृष्टिहीन पाहुण्यांना मूर्ती कशी सांगायची?

प्रश्न: मी संग्रहालयात स्वयंसेवक म्हणून फेऱ्या घेते. परवा एका दृष्टिहीन आजींना मूर्तीचं शतक, शैली, राजवट सगळं सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "पण बाळ, ती उभी आहे की बसलेली?" तेव्हापासून मनाला चैन नाही. वर्णन करायचं तरी कसं?

उत्तर १: आधी उंची सांगा, तीही अंगाच्या मापाने: 'तुमच्या खांद्याएवढी'. मग ठेवण, मग वरून खाली. दिशा घड्याळाप्रमाणे: 'कमळ 2 वाजताच्या बाजूला'. प्रतिकृती असेल तर हातात द्या. नसेल तर त्याच जातीच्या दगडाचा तुकडा द्या. त्याचा गारवा, खरखर बोटांना कळली की शब्दांना आधार मिळतो.

उत्तर २: ब्रेल पत्रकं ठेवली की झालं, असं मात्र नाही. 6 ठिपक्यांची ती लिपी सगळ्याच दृष्टिहीनांना येत नाही, उतारवयात नजर गेलेल्यांना तर फारच क्वचित. आणि गटात कमी ऐकू येणारे असतील तर त्यांच्याकडे तोंड करून बोला, ओठ दिसू द्या.

प्रश्नकर्ती: मी बोलताना सारखी मूर्तीकडेच वळते, हे आत्ता लक्षात आलं. उद्या मैत्रिणीला वर्णन करायला लावून मी डोळे मिटून ऐकणार आहे. आजी पुढच्या महिन्यात पुन्हा येणार आहेत.