दालेमाने चूक केली ती १९९८ मध्येच, असं माझं मत. तुमचं?

कोरडा_पाऊस: मास्सिमो दालेमा, इटलीचा पहिला माजी कम्युनिस्ट पंतप्रधान. लोक त्याला बुद्धिमान, मुत्सद्दी वगैरे म्हणतात आणि तो होताच, पण खुर्ची मिळाली कशी ते बघा ना. १९९६ ला लोकांनी मत दिलं रोमानो प्रोदीच्या मध्य-डाव्या आघाडीला, दालेमाचा पक्ष त्यातच. ऑक्टोबर १९९८ मध्ये बेर्तिनोत्तीच्या कम्युनिस्टांनी पाठिंबा काढला, ३१२ विरुद्ध ३१३, एका मताने सरकार गेलं, आणि लोकांकडे परत न जाता दालेमाने कोस्सिगाच्या गटाची मतं घेऊन सरकार बनवलं. कोस्सिगा म्हणजे तोच, जो सत्तरच्या दशकात गृहमंत्री असताना डावी पोरं भिंतीवर त्याच्या नावात नाझींचा एसएस घालून रंगवायची! अशा माणसाच्या टेकूवर बसायचं असेल तर मतदाराने पुढच्या वेळी का यावं?

सुरेखा_मावशी: साफ असहमत. निवडणूक घ्यायची म्हणजे कधी? राष्ट्राध्यक्ष स्काल्फारोची मुदत मे १९९९ ला संपत होती आणि तिकडे शेवटच्या सहा महिन्यांत राष्ट्राध्यक्षाला संसद विसर्जित करता येत नाही. बजेट अर्धवट, १ जानेवारीला युरो सुरू होणार. त्यात उजव्यांचा नेता, टीव्ही चॅनलांचा मालक बर्लुस्कोनी टपून बसलेला. संसदीय पद्धतीत बहुमत जमवणं ही लबाडी नाही हो, तेच काम असतं.

खडकवासला: मावशी, बहुमताचं सोडा, कोसोवोचं काय? मार्च १९९९ ला नाटोने कोसोवो प्रांताच्या प्रश्नावरून युगोस्लाव्हियावर बॉम्बफेक सुरू केली, सुरक्षा परिषदेची परवानगी नाही, ७८ दिवस चाललं, विमानं उडत होती आव्हियानोसारख्या इटलीतल्या तळांवरून आणि त्यात इटलीची स्वतःचीही होती. राज्यघटनेचं कलम ११ सरळ सांगतं की इटली युद्ध नाकारते. आयुष्यभर शांतता मोर्चात चाललेले पक्षाचे म्हातारे कार्यकर्ते काय म्हणाले असतील? बॉम्बफेक थांबवा म्हणणाऱ्या रशियाच्या ठरावाला तेव्हा आपला भारत सहप्रस्तावक होता, तो ३ विरुद्ध १२ ने पडला. मला त्या वेळची आपली भूमिका जास्त डावी वाटते.

सुरेखा_मावशी: खडकवासला, ठराव मांडणं सोपं होतं, आपण समुद्रापलीकडे होतो. इटलीच्या समोरच्या किनाऱ्यावर अल्बानिया, तिथे कोसोवोचे लाखो निर्वासित येऊन पडलेले. हात झटकून त्यांचं काय झालं असतं? ते युद्ध मलाही आवडलं नाही, पण माजी कम्युनिस्टाने नाटोला नाही म्हटलं असतं तर डाव्यांवर परत कोणी विश्वास ठेवला नसता हे त्याला पक्कं माहीत होतं.

कोरडा_पाऊस: म्हणजे विश्वास कोणाचा, वॉशिंग्टनचा की मतदाराचा? हाच तर माझा मुद्दा आहे, तो कायम वरच्यांना पटवत राहिला. १९९७ ला घटनादुरुस्तीच्या संयुक्त समितीचा अध्यक्ष झाला, बर्लुस्कोनीबरोबर वाटाघाटी करत बसला, पुढच्या वर्षी बर्लुस्कोनीने अंग काढून घेतलं आणि सगळं पाण्यात! तोवर बर्लुस्कोनीच्या टीव्ही चॅनलांवर कायदा आणायचा राहिला तो राहिलाच. एप्रिल २००० ला प्रादेशिक निवडणुकांत १५ पैकी ८ प्रदेश उजव्यांकडे गेले.

निशिगंधा: आणि तेव्हा त्याने राजीनामा दिला, कायद्याने काही गरज नव्हती तरी. हे का विसरता? आपल्याकडे कोण देतो सांगा. परराष्ट्रमंत्री म्हणून २००६ ला इस्राएल-लेबनॉन युद्ध थांबवायला जी धावपळ केली, रोममध्ये परिषद भरवली, नंतर शांतिसेनेत इटलीचे सैनिक गेले, ते काम मला त्याच्या पंतप्रधानपदापेक्षा मोठं वाटतं.

खडकवासला: आणि त्याच परराष्ट्र धोरणावर फेब्रुवारी २००७ ला सिनेटमध्ये दोन मतं कमी पडली, पुन्हा पंतप्रधान झालेल्या प्रोदीला राजीनामा द्यावा लागला (नंतर परत आला ते वेगळं). स्वतःच्याच बाजूचे डावे फुटले, कारण त्यांना अफगाणिस्तानातलं सैन्य नको होतं. १९९९ ची जखम भरलीच नव्हती. २०१८ ला दक्षिण इटलीतल्या पुलियामध्ये, दालेमा त्याच्या घरच्या मैदानात सपाटून हरला.

सुरेखा_मावशी: त्याच पुलियातलं २००१ पण सांगा की. बर्लुस्कोनीची लाट, बाकीचे बडे नेते प्रमाणशीर यादीची (पक्षाच्या मतांच्या प्रमाणात जागा मिळते ती) सुरक्षित जागाही धरून ठेवायचे, हा फक्त गाल्लिपोलीच्या थेट मतदारसंघात उभा राहिला. हरला असता तर संसदेबाहेर. लोकांकडे जायला घाबरतो म्हणता ना? गेला, आणि निवडून आला.