सँडलचे दिवस आले! पायांची तयारी कशी करता? अनुभव सांगा

काल कपाटावरून मागच्या वर्षीची सँडल काढली. आत टाचेचा आणि पाच बोटांचा काळपट ठसा तसाच. तो बघून आईच्या टाचा आठवल्या. रात्री तिने कूस बदलली की भेगेत चादरीचा धागा अडकायचा आणि ती ‘स्स’ करायची. आम्हा मुलांना वाटायचं, मोठ्या बायकांचे पाय असेच असतात. इतके महिने बुटांत राहून आता माझेही तसेच झालेत. कालपासून सुरू केलंय: दहा मिनिटं कोमट पाणी, हलक्या हाताने वजरी, टिपून लगेच क्रीम, वर सुती मोजे. तुम्ही काय करता?

*

अगं आईचं वाचून गलबललं. माझ्या आजीचंही अगदी हेच. तळपायाला तेलग्रंथीच नसतात, वरून लावल्याशिवाय मऊ राहणार कसे? पण त्या पिढीत स्वतःच्या पायाकडे बघायला वेळ कुणाला होता.

*

वजरी ओल्या पायावर की कोरड्या?

*

ओल्या. आणि रोज थोडीच. मी एकदा कार्यक्रमाच्या आदल्या रात्री ब्लेडने टाच तासली. रक्त आलं, दोन आठवडे टाच टेकवत नव्हती. ब्लेड नकोच. कुकर झाला, येते परत.

*

युरियावालं क्रीम बघा. साध्या कोरडेपणाला 10 टक्के, जाड कातडीला 20-25. उघड्या भेगेवर झोंबतं, तिथे आधी पेट्रोलियम जेली.

*

घरात कुणाला मधुमेह असेल तर पाय भिजवणं, घासणं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, प्लीज. बाबांनी पाय पाण्यात सोडले, पाणी कढत होतं ते त्यांना कळलंच नाही. दुसऱ्या दिवशी मोजा ओला लागला म्हणून बघितलं तर केवढा फोड! आता रोज आरसा धरून त्यांचे तळवे मी बघते.

*

बाप रे. काका कसे आहेत आता?

*

बरे आहेत, जखम भरायला दीड महिना गेला. विचारलंत, बरं वाटलं.

*

क्रीम बोटांच्या बेचक्यांत नको हं. मला करंगळीशेजारी चिखल्या झाल्या होत्या, मी कोरडेपणा समजून वर क्रीम चोपडत बसले, आणखी वाढल्या. शेवटी बुरशीवरचं मलम लागलं. खाज थांबली तरी सांगितलेले दिवस पूर्ण करा, मी मध्येच सोडलं आणि पुन्हा पहिल्यापासून.

*

नखांचं कुणी लिहिलं नाही. सरळ कापा, कोपरे खोल कोरू नका. अंगठ्यावर ड्रॉवर पडून माझं अख्खं नख गेलं होतं. पूर्ण यायला वर्ष-दीड वर्ष लागतं म्हणाले, तेवढंच लागलं. त्या दोन उन्हाळ्यांत मी पाय लपवून बसायचे. पहिल्यांदा सँडल घातली तेव्हा लेक म्हणाली, “आई, तुझा अंगठा आला!”

*

किती गोड! माझा वेगळाच प्रश्न, बाळंतपणानंतर जुनी सँडल होतच नाहीये. परत बसेल का?

*

माझा पाय तसाच राहिला गं, अर्धा नंबर वाढला. नवीन घे, संध्याकाळी माप दे, दिवसभरात पाय सुजतो. आणि पहिले काही दिवस घरातच तासभर घाल.

*

पावलांवर सनस्क्रीन लावा! माझे पट्टे अजून उमटलेत.

*

आज पाचवी रात्र, चादर अडकली नाही. आईलाही ट्यूब पाठवली. म्हणते, मोजे घालून झोप येत नाही गं मला. काय सांगू तिला?

*

नको घालू दे. जेली लावून अर्धा तास पाय वर घेऊन बसवा, मग पुसून झोपू दे. फक्त जेलीच्या पायांनी फरशीवर उतरू देऊ नका, माझ्या सासूबाई घसरता घसरता वाचल्या.