मदत हवी आहे: पिसांकाच्या शेवटच्या काळ्या रंगात ठिपके राहतात

युक्रेनी पिसांका (मेणाने नक्षी झाकत एकेका रंगात बुडवून रंगवलेले अंडे) करते आहे. अंडी पांढरी, कच्ची, व्हिनेगर-पाण्याने हलकेच धुऊन टिपलेली. किस्त्काने (मेणाने रेघा काढायची बारीक टोकाची लेखणी) वितळलेले मधमाशांचे मेण लावते. रंगांचा क्रम पिवळा, नारिंगी, लाल, शेवटी काळा. ॲनिलिन रंगाची पूड, बरणीला १ कप उकळते पाणी, गार झाल्यावर १ मोठा चमचा व्हिनेगर. नारिंगीत व्हिनेगर घालत नाही.

लालपर्यंत सगळे सुरेख, एकसारखे. काळ्यातून १५ मिनिटांनी काढले की बेझकोनेच्निकच्या (न संपणारी नागमोडी रेघ) आजूबाजूला मोहरीएवढे तांबूस ठिपके दिसतात. तिथे बोट फिरवले तर रंग सुटतो आणि कवच खडूसारखे खरखरीत लागते. फार जीव तुटतो, कारण तोवर बारीक रेघांचे सगळे काम झालेले असते.

करून पाहिले: नवी पूड, कोमट रंग, साबणाने हात धुऊन अंडे टिश्यूतच धरणे. काळ्यात ४० मिनिटे ठेवले तर ठिपके वाढले. त्याच ट्रेमधल्या कोऱ्या अंड्याला थेट काळा दिला, तो छान बसला. म्हणजे कवचावरच्या तेलकट थराचा संशय उरत नाही. मेणही ओघळलेले नाही.

लाल वगळायचा नाही, अंडी उकडायचीही नाहीत. पिवळा, लाल, काळा अशा तीन वेळच्या व्हिनेगरने कवच झिजते आहे का? तसे असेल तर काळ्यातले व्हिनेगर किती कमी करू, की लालनंतर अंडे साध्या पाण्यातून काढून पूर्ण वाळवू?