प्रति: भूकंप सांगून येत नाही, मग बेटांवर यंत्रं कशाला?

वर एका ताईंनी विचारलंय की भूकंप सांगून येत नाही, मग ज्वालामुखीच्या बेटांवर भूकंपमापक लावून उपयोग काय? ताई, तिथे भूकंपाचं भाकीत करायचं नसतं. बारीक हादऱ्यांवरून वर चढणाऱ्या शिलारसाचा माग काढायचा असतो.

आमच्या इंदूरच्या घरी बोरिंग केलं तेव्हा काळा दगड फुटताना फळीवरचे पेले खणकन वाजायचे. पुढे पंप बसला, तर पाइप नुसता घुमायचा. ज्वालामुखीतही तसंच. खडक तडकला की तुटक, तीव्र धक्का. शिलारस आणि वायू वाहू लागले की सलग थरथर. आलेखावर दोन्ही वेगळे ओळखू येतात.

स्पेनच्या ला पाल्मा या ज्वालामुखी बेटावर 11 सप्टेंबर 2021 ला हादऱ्यांची मालिका सुरू झाली, त्यांची केंद्रं वर सरकत गेली आणि 19 ला उद्रेक झाला. हजाराहून अधिक घरं गेली, पण हजारो माणसं हलवता आली.

मला जास्त अस्वस्थ करतं ते इंडोनेशियातलं ज्वालामुखी बेट अनाक क्राकाताऊ. 22 डिसेंबर 2018 च्या रात्री डोंगराची एक बाजूच समुद्रात कोसळली आणि त्सुनामीत 400 हून अधिक माणसं गेली. इशारा देणारी यंत्रणा मोठ्या भूकंपासाठी बांधलेली. असा कडा कोसळणं तिच्या हिशेबातच नव्हतं. म्हणून अशा बेटांवर भूकंपमापकांच्या जोडीला समुद्राची पातळी मोजणारी यंत्रं हवीतच. शिवाय बेट लहान, हादरे बरेचदा भोवतीच्या पाण्याखाली. त्यामुळे समुद्रतळावरही भूकंपमापक ठेवावे लागतात.