मदत हवी आहे: निवासी दिव्यांग सेवेत ‘कळवणे बंधनकारक’ असलेला अत्याचार आणि आबाळ यांची व्याख्या कशी लिहावी?

नमस्कार.

बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढ व्यक्तींच्या एका निवासी सेवेच्या देखरेख समितीवर मी कुटुंबीयांची प्रतिनिधी म्हणून काम करते. माझा धाकटा भाऊ तिथे राहतो. त्याला बोलता येत नाही. संवादफलकावरच्या चित्रांवर बोट ठेवून तो आपले म्हणणे सांगतो. सेवेच्या संरक्षण धोरणातला व्याख्यांचा भाग नव्याने लिहिण्याचे काम समितीने माझ्याकडे दिले आहे. कोणती घटना कर्मचाऱ्याने वरिष्ठांना आणि बाहेरच्या यंत्रणेला कळवलीच पाहिजे, हे त्या भागावरून ठरणार आहे. मसुदा तीनदा लिहिला आणि तिन्ही वेळा एकाच जागी अडले, म्हणून या क्षेत्रात काम केलेल्या मंडळींचा सल्ला हवा आहे.

मारहाण, लैंगिक अत्याचार, धमकावणे, पैशांचा अपहार यांविषयी समितीत मतभेद नाहीत. अडचण आहे ती दुसऱ्या शब्दाची, म्हणजे ‘आबाळ’ची. सध्याच्या धोरणात ‘हेतुपुरस्सर केलेले दुर्लक्ष’ कळवावे असे म्हटले आहे, आणि या ‘हेतुपुरस्सर’ शब्दाचा परिणाम मी डोळ्यांनी पाहिला आहे. स्वतःहून कूस बदलू न शकणाऱ्या एका रहिवाशाच्या माकडहाडावर शय्याव्रण (एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणारी जखम) झाला. पहिल्या पाळीला त्वचा लाल दिसली, दुसऱ्या पाळीने मलम लावले, तिसऱ्या पाळीने मागच्यांनी सांगितलेच असेल असे धरले, आणि डॉक्टरांपर्यंत गोष्ट पोहोचली तेव्हा जखम हाडाशी भिडली होती. चौकशीत प्रत्येकजण खरे बोलला. कोणाचाही हेतू वाईट नव्हता. त्यामुळे धोरणाप्रमाणे कळवण्यासारखे काही घडलेच नव्हते, असा निष्कर्ष निघाला.

तेव्हापासून मी शब्दांकडेच पाहते आहे. ‘दुर्लक्ष’ म्हटले की नजर करणाऱ्याकडे जाते: त्याचे लक्ष होते की नव्हते, त्याने मुद्दाम केले की चुकून. ‘हेळसांड’ या शब्दात तर बेपर्वाईचा ठपका आधीच बसलेला असतो, म्हणून सहकाऱ्याविषयी तो शब्द लिहायला कोणी धजावत नाही. ‘आबाळ’ मात्र ज्याची झाली त्याच्या बाजूने बोलतो. आई आजारी पडली आणि मुलांची आबाळ झाली, असे आपण म्हणतो तेव्हा आईला दोष देत नाही, पण मुलांचे हाल झाले हेही लपवत नाही. मला व्याख्या या बाजूने हवी आहे. म्हणून माझे सध्याचे वाक्य असे आहे:

‘व्यक्तीच्या आरोग्यासाठी, सुरक्षिततेसाठी, प्रतिष्ठेसाठी किंवा संवादासाठी आवश्यक असलेली आणि सेवेने देण्याचे मान्य केलेली मदत न मिळाल्यामुळे तिला हानी झाली असेल, किंवा होण्याची वाजवी शक्यता असेल, तर ती आबाळ समजावी. ती हेतूमुळे, अज्ञानामुळे की मनुष्यबळाच्या अभावामुळे झाली, याचा विचार कळवणाऱ्याने करू नये. तो चौकशीचा विषय आहे.’

कायद्यांत आधार शोधला तेव्हा आबाळ तिथेही मागच्याच रांगेत दिसली. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क कराराचे कलम १६ पिळवणूक, हिंसा आणि अत्याचार यांविषयी आहे. आबाळ त्यात वेगळी नोंदलेली नाही. भारताच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातले कलम ७ हे याच तीन शब्दांवर उभे आहे. कलम ९२ मध्ये अन्नपाणी नाकारणे हा गुन्हा आहे, पण ते स्वेच्छेने किंवा जाणूनबुजून नाकारलेले असले पाहिजे, म्हणजे प्रश्न पुन्हा हेतूपाशी येतो. शिवाय कलम ७ नुसार माहिती कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना ‘देता येते’. ‘दिलीच पाहिजे’ असे तिथे नाही. मुलांवरील लैंगिक अत्याचारांबाबत २०१२ च्या पॉक्सो कायद्याने कळवणे बंधनकारक केले आहे. प्रौढांच्या बाबतीत ही सक्ती सेवेच्या स्वतःच्या धोरणातूनच आणावी लागते, असे माझे मत झाले आहे. इंग्लंडच्या २०१४ च्या केअर ॲक्टमध्ये मात्र ‘अत्याचार किंवा आबाळ’ असे जोडीने येते आणि चौकशी सुरू होण्यासाठी संशयाला वाजवी कारण असणे पुरते.

समितीतल्या कर्मचारी प्रतिनिधींचा आक्षेप मला क्षुल्लक वाटत नाही. त्यांचे म्हणणे असे की, इतकी रुंद व्याख्या केली तर डायपर अर्धा तास उशिरा बदलला तरी अहवाल द्यावा लागेल, अहवालांच्या ढिगात गंभीर घटना दडून जाईल, आणि आधीच अपुऱ्या माणसांत राबणाऱ्या मदतनिसाच्या नावावर डाग बसेल. यावर मला दोन गोष्टी सुचल्या आहेत. एक म्हणजे, तीच उणीव त्याच व्यक्तीच्या बाबतीत पुन्हा घडली, तर ती वरवर किरकोळ असली तरी कळवण्याजोगी ठरावी. दुसरी गोष्ट अमेरिकेतल्या बौद्धिक अक्षमतेसाठीच्या निवासी केंद्रांच्या संघीय नियमांत सापडली. तिथे अत्याचार आणि आबाळ यांच्या आरोपांबरोबर ‘कारण अज्ञात असलेली इजा’ हीसुद्धा तत्काळ कळवावी लागते. दंडावर वळ दिसला, कसा उठला ते माहीत नाही, एवढे लिहिले की कर्मचाऱ्याचे काम झाले. कोणावर आरोप करावा लागत नाही, आणि ‘स्वतःच स्वतःला मारून घेतो तो’ असे म्हणून विषय मिटवताही येत नाही. पण पुन्हा म्हणजे किती वेळा आणि किती दिवसांत? आकडा घातला तर त्या आकड्याच्या एक अलीकडे थांबण्याची सवय लागेल, अशी मला भीती वाटते.

रहिवाशाची हालचाल किंवा मोकळीक रोखणाऱ्या बंधनांचा प्रश्न याहून नाजूक आहे. व्हीलचेअरचा ब्रेक लावून ती भिंतीकडे तोंड करून ठेवणे, विजेवर चालणाऱ्या खुर्चीची कळ बंद करणे, पाळी शांत जावी म्हणून गुंगीचे औषध वेळेआधी देणे, या गोष्टी ‘सुरक्षिततेसाठी’ या एका शब्दाखाली रोज खपून जातात. ऑस्ट्रेलियाच्या अपंगत्व विमा योजनेच्या नियमांत एकांतात कोंडणे आणि रासायनिक (औषधाने), यांत्रिक (साधनाने), शारीरिक (अंगबळाने) व परिसरीय (जागा किंवा वस्तू वापरू न देणे) बंधन असे पाच प्रकार मांडले आहेत. मंजुरीशिवाय केलेला वापर कळवणे तिथे इजा झाली नसली तरी बंधनकारक आहे. हा भाग मी जवळजवळ तसाच घेणार आहे. फक्त एका बाबतीत मला त्याहून कडक व्हायचे आहे: फाटू नये म्हणून माझ्या भावाचा संवादफलक एकदा दोन दिवस कपाटात ठेवला गेला होता. ज्याचा फलक काढून घेतला त्याच्याकडे तक्रार करायचे साधनही उरत नाही, म्हणून मी हे बंधनांत न घालता थेट अत्याचारात घालावे असे म्हणते. समितीत यावर मी एकटी आहे. माझे चुकते आहे का?

रहिवाशाने रहिवाशाला मारले तर ते मी कळवण्याजोगे मानते, कारण तिथे देखरेखीची आबाळ झालेली असू शकते. रहिवाशाने स्वतः आंघोळ नाकारली तर मानत नाही, मात्र किती वेळा आणि कशा प्रकारे विचारले याची नोंद हवी.

कोणाला कळवायचे, हे व्याख्येच्याच परिच्छेदात असावे असाही माझा आग्रह आहे. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू रुग्णालयात बौद्धिक अक्षमता असलेल्या रुग्णांचा झालेला छळ २०११ मध्ये दूरचित्रवाणीवर दाखवला गेला आणि पुढच्या वर्षी ११ कर्मचारी दोषी ठरले. पण तिथल्या एका वरिष्ठ परिचारकाने त्याआधीच व्यवस्थापनाला आणि नियामकालाही कळवले होते. बाहेरचा पत्ता एकच असेल आणि तिथेही कोणी वाचणार नसेल, तर पुढची पायरी कोणती लिहावी?

शेवटची विनंती ज्यांनी रहिवाशांबरोबर बसून हे काम केले आहे त्यांना. भावाच्या फलकावर भूक, तहान, शौच, दुखते आहे, घरी जायचे आहे, ही सगळी चित्रे आहेत. ‘मला कोणीतरी दुखावले’, ‘मला नको असताना हात लावला’, ‘मी बोलावले, कोणी आले नाही’ यांसाठी एकही चित्र नाही. अशी चित्रे आपण कोणी तयार केली असतील, तर ती कशी निवडली आणि रहिवाशांना त्यांचा अर्थ कसा समजावला, हे कृपया सविस्तर लिहावे.